पोटशूळ रात्री उठतो, दवाखाना सकाळी उघडतो

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सा. न. वि. वि.

मी नाशिकचा. वडील टांगा हाकायचे, मी वरातीला घोडी देतो. तपोवनाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये माझी नुकरा, म्हणजे पांढरी घोडी आहे, येवल्याच्या मंगळवारच्या बाजारातून आणलेली. दिवाळीपासून तिला तीनदा पोटशूळ उठला. पोटशूळ म्हटलं की लोकांना भाऊबंदांचा मत्सर आठवतो. घोडेवाल्याला मरण आठवतं.

तिसऱ्या वेळी रात्रीचे दोन वाजले होते. घोडी टापेनं जमीन उकरत होती. मान वळवून कुशीकडे बघायची, बसायची, उठायची, परत बसायची. एवढ्या थंडीत घामानं निथळत होती. कुशीला कान लावला तर एरवी गुडगुडणारं पोट गप्प. घड्याळ लावून छातीचे ठोके मोजले, मिनिटाला 64. निवांत घोड्याचे 28 ते 44 असतात. फोन लावला. उत्तर मिळालं, "सकाळी दवाखान्यात आणा."

सकाळी नेली. डॉक्टर भले होते, पण हात गायी-म्हशींवर बसलेला. गाय फुगली तर काय करायचं हे त्यांना झोपेतही येईल. घोड्याला मात्र उलटी होत नाही. जठरात वायू नि पाणी साठलं की नाकातून नळी घालून ते बाहेर काढावं लागतं, नाहीतर जठर फुटतं. ती नळीच तिथं नव्हती. शेवटी एका खाजगी डॉक्टरांनी नळी घातली, इंजेक्शन दिलं, तेव्हा घोडी उभी राहिली. रात्री शेजारी सांगत होता, बाटलीनं गोडं तेल ओत. आमच्यात हाच उपाय चालतो, आणि तेल फुफ्फुसात जाऊन कितीतरी जनावरं त्या उपायानंच जातात. मी ओतलं नाही, पहाटेपर्यंत नुसतं हळूहळू फिरवत राहिलो.

पण दुखणं परत परत का येत होतं? त्याच डॉक्टरांनी प्लास्टिकच्या पिशवीत दोन मुठी लीद टाकली, पाणी घालून कालवली आणि पिशवी खुंटीला टांगली. अर्ध्या तासानं तळाशी बोटभर वाळू! चूक माझीच. गोदावरीकाठची जागा, आणि मी चारा जमिनीवर टाकत होतो. शिवाय दाढांना धार आलेली, कडबा नीट चावला जात नव्हता. लग्नसराईत पाण्याची वेळ चुकायची, आणि घोड्याला दिवसाला 25-30 लिटर तरी लागतं. वरातीहून परतली की लाडानं हरभऱ्याचं टोपलं पुढं ठेवायचो, तेही नडलं. आता गव्हाण बांधली, दाढा घासून घेतल्या, लीद तपासून जंताचं औषध दिलं. त्यानंतर दुखणं आलेलं नाही.

हे सगळं मला तिसऱ्या खेपेला कळलं. पहिल्याच खेपेला दवाखान्यात कळायला हवं होतं.

आतड्याला पीळ पडला तर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही, आणि त्यासाठी कसारा घाट उतरून मुंबई गाठेपर्यंत घोडं टिकेल याची खात्री कोण देणार? तेवढं लगेच होणार नाही हे समजतं. पण नाशकात एका ठिकाणी घोड्याची नळी नि पंप असावा, तो वापरायला शिकलेला एक डॉक्टर रात्रीही मिळावा, आणि वर्षातून एकदा येवल्याच्या बाजारात दाढा नि लीद तपासायचं शिबिर भरावं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दोन-चार डॉक्टरांना शिकायला पाठवणं काही अवघड नाही.

2027 च्या सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुकांना घोडी येतील. परका चारा, परकं पाणी, वर गर्दी नि ढोल. पोटशूळ उठायला आणखी काय लागतं? आराखड्यात रस्ते नि घाट आहेतच, त्यात या घोड्यांसाठीही एक ओळ घालावी.

आपले कोणी अधिकारी आले तर ती पिशवी अजून शेडमध्ये खुंटीलाच आहे. दाखवीन.

कळावे,
तपोवनाजवळचा एक घोडेवाला, नाशिक