सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना पिंगुळीच्या एका बाहुलीवाल्याचं खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पिंगुळीचा, तालुका कुडाळ. जातीने ठाकर. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगायच्या कथा, आमच्या घरात पिढीजात चालत आल्या आहेत. आपल्याला वेळ कमी असतो, म्हणून चार ओळींत आटपायचं ठरवलं होतं. पण गेल्या रविवारी जे पाहिलं ते चार ओळींत मावत नाही.

आमच्याच किनाऱ्यावरच्या एका संग्रहालयात जगभरच्या पारंपरिक बाहुल्यांचं प्रदर्शन लागलं आहे. त्यासाठी एक साहेब घरी आले, चहा घेतला आणि माझ्या आज्याच्या हातचा लाकडी रावण व चामड्याच्या चार बाहुल्या घेऊन गेले. शब्द दिला होता की पाटीवर पिंगुळीचं नाव असेल आणि दर रविवारी आमचा खेळ होईल.

नातवाला घेऊन गेलो. रावण काचेच्या कपाटात, सगळे दोर मानेभोवती गुंडाळून खिळ्याला अडकवलेला. नातू म्हणाला, ‘‘आजो, ह्या रावणाक फास कित्याक दिल्यानी?’’ खाली पाटी होती: ‘कठपुतळी, राजस्थान’. साहेब, कठपुतळी राजस्थानची, ती अमरसिंह राठोडाची कथा सांगते, तिचा मान तिला आहेच. पण माझ्या आज्याने कोकणातल्या देवळांत नाचवलेला रावण एका पाटीने राजस्थानात नेऊन टाकला! चामड्याची सीता भिंतीला चिकटपट्टीने चिकटवली होती. तिच्या पदराला बुरशी धरली आहे. कोकणातली दमट हवा त्या लोकांना ठाऊक नाही असं कसं म्हणू? तीही इथलीच माणसं.

खेळाचं विचारलं तर म्हणाले, निधी नाही. उद्घाटनाच्या मांडवाला होता, हारतुऱ्यांना होता, ड्रोनने शूटिंग करायला होता. मांडववाला माझ्या ओळखीचा आहे. दीड-दोन लाख तरी गेले असतील.

बाकीचं प्रदर्शन सुंदर आहे, हेही लिहितो. जपानच्या बुनराकूत एका बाहुलीला तीन माणसं लागतात: मुख्य कलाकार डोकं आणि उजवा हात धरतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. सिसिलीच्या बाहुल्या लोखंडी सळ्यांवर चालतात. जावाच्या वायांगपुढे मी अर्धा तास उभा होतो. चामडं म्हशीचं, दलंग नावाचा एकटा माणूस रात्रभर बसून सगळी पात्रं बोलतो, आणि कथा आपल्याच, रामायण-महाभारत. तिथला अर्जुन मी पाटी न वाचता ओळखला. ते आमचेच भाऊबंद वाटले.

युनेस्कोने सिसिलीच्या बाहुल्यांना 2001 मध्ये वारसा म्हणून गौरवलं, वायांग आणि बुनराकूला 2003 मध्ये. तुर्कस्तानचा कारागोझ हा सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ 2009 मध्ये यादीत आला, श्रीलंकेच्या बाहुल्या 2018 मध्ये. भारताची एकही बाहुलीकला त्या यादीत नाही. प्रस्ताव केंद्राकडून जातो, हे मला सांगू नका. मुंबईहून दिल्लीला किती कागद गेले, तेवढं सांगा.

परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, आता दिवस बदलणार. मी कलावंत मानधनाला अर्ज केला. महिन्याला 5,000 रुपये, माझ्या गुडघ्यांच्या औषधाला पुरतील. कार्यालयात कार्यक्रमांचे पुरावे मागितले, वर्तमानपत्रातली कात्रणं मागितली. देवळात रात्री बारा वाजता, वीणा-टाळ-हुडुकावर केलेल्या खेळाचं कात्रण कुठून आणू? पुरावा तर तुमच्याच कपाटात, गळ्याला दोर बांधून टांगला आहे. तीन हेलपाटे झाले. धाकटा मुलगा पणजीला हॉटेलात लागला. चित्रांची पोथी त्याने पाच वर्षांत उघडलेली नाही, आणि त्याला दोष देण्याचं तोंड मला नाही.

ज्यांना नाचवणारा हात नको आणि फक्त बाहुली हवी, त्यांच्या हाती सगळ्या राज्याची संस्कृती आहे. महोत्सव होतात, फलक लागतात, फलकावर आमच्या बाहुलीचा फोटो आणि मंचावर दुसरेच. हे तुमच्या आधीच्या मंत्र्यांच्या काळातही असंच होतं आणि त्यांच्या आधीही.

मागतो ते थोडं आहे. रावणाची पाटी बदला, दोर सोडा. सीतेला भिंतीवरून उतरवून सावलीत वाळवा, उन्हात नको, चामडं आखडतं. एका रविवारी दोन तास पडदा लावू द्या. दिवा आणि तेल मी घरून आणीन.

आपला,
पिंगुळीचा एक बाहुलीवाला