प्रोब बुडवून भागणार नाही

महोदय,

तेरवाड बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडला की पंचगंगा-कृष्णेवर चोवीस तास पाणी तपासणारी यंत्रे बसवा, अशी मागणी होते. मागणी रास्तच आहे. बाटलीतला नमुना बहुधा कचेरीच्या वेळेत घेतला जातो. दुपारच्या उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असते, त्यामुळे तेव्हा पाणी बरे दिसते. मासे गुदमरतात ते पहाटे. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते हे मोजण्याची, बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवावी लागते. तोवर सांडपाणी सोडणारा हात झटकून मोकळा झालेला असतो.

पण यंत्र विकत घेणे हा सोपा भाग. प्राणवायू प्रकाशाने मोजणाऱ्या ऑप्टिकल प्रोबच्या, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या संवेदकाच्या, टोपीवर उन्हाळ्यात आठवडाभरातच बुळबुळीत थर बसतो. त्यातले जिवाणू प्राणवायू खातात आणि यंत्र नदीचा सोडून त्या थराचा आकडा सांगू लागते. वायपर असला तरी आठवड्यातून एकदा माणसाने जाऊन मऊ ब्रशने टोपी घासावी. घासण्याआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहावा. लिटरमागे ३.१ मिलिग्रॅमचे ४.६ झाले, तर मागचे काही दिवस प्रोब खोटे बोलत होता. महिन्यातून एकदा सामूचा (पीएचचा) प्रोब ४, ७ आणि १० असा ठरलेला सामू असलेल्या बफर द्रावणांत तपासावा. प्राणवायूचा शून्य सोडियम सल्फाइटच्या द्रावणात, तर १०० टक्के हवेने संपृक्त केलेल्या पाण्यात लावावा. २५ अंशांना त्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम भरतो. अमोनियमचा प्रोब सर्वांत नाठाळ. पोटॅशियमलाच तो अमोनियम समजतो, आणि डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये (मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्यात) पोटॅशियम मुबलक असते! शेजारी पोटॅशियमचा प्रोब नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नये.

जागेचेही तसेच. बंधाऱ्यामागे वरचे पाणी ठीक आणि तळचे कुजलेले, असे सर्रास असते. बरगे (बंधाऱ्याची पाणी अडवणारी फळ्यांची दारे) काढले की आधी तेच तळचे पाणी खाली धावते. म्हणून एक प्रोब अर्धा मीटर खोलीवर आणि दुसरा तळाच्या थोडा वर हवा. दोन्ही खांबाला जखडलेल्या, भोके पाडलेल्या पाइपात ठेवावेत, म्हणजे पुरात वर ओढून घेता येतील. सांगलीत २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. बॅटरी आणि लॉगर (आकडे साठवणारे यंत्र) त्याहून उंच हवेत.

निविदेत पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे, जादा टोप्या आणि ती वही दरमहा सर्वांसाठी खुली करण्याची अट घाला. आणखी एक. नुसत्या प्रोबच्या आकड्यावर खटला उभा राहत नाही. त्याला १९७४ च्या जल कायद्यातील कलम २१ नुसार घेतलेला सांडपाण्याचा नमुना लागतो. प्राणवायू ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला किंवा विद्युतवाहकता एकदम उसळली की पहाटे तीनलाही ज्याचा फोन वाजेल आणि जो बाटल्या घेऊन निघेल, त्या अधिकाऱ्याचे पदनाम आदेशातच लिहिलेले हवे.

— एक वाचक, शिरोळ