आरशात न दिसणारी निगा

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन मैत्रिणींमधला वाद तू सविस्तर लिहून कळवलास. एकीच्या मते रोज रात्री चेहऱ्यावर सात-आठ थर लावण्याचा नेम म्हणजेच स्वतःची काळजी, तर दुसरीच्या मते नटणे ही बाईच्या पायातली जुनी बेडी. या दोघींपैकी कोणाचे खरे, असे तू विचारले आहेस. मला त्या दोघींच्याही बोलण्यातून एक मुद्दा निसटलेला दिसतो, आणि तो वेळेचा आहे. बाईला स्वतःच्या शरीरासाठी वेळ कधी मिळतो, कशासाठी मिळतो आणि तो घेताना तिला कोणाकोणाला कारण सांगावे लागते, हे पाहिल्याखेरीज या वादाचा निवाडा होणार नाही.

मी ज्या परिचर्येच्या पेशात इतकी वर्षे काढली, तिथे स्वतःची काळजी ही कल्पना बाजाराने उचलण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. अमेरिकेतील परिचारिका डोरोथिया ओरेम यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ती मांडायला सुरुवात केली आणि पुढे तिचा संपूर्ण सिद्धांत उभा केला. माणूस स्वतःचे जीवन, आरोग्य आणि स्वास्थ्य टिकवण्यासाठी जे जे स्वतःहून करतो ती त्याची स्वतःची काळजी, आणि त्याची ती क्षमता जिथे अपुरी पडते तिथून परिचारिकेचे काम सुरू होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुरेशी हवा, पाणी, अन्न, मलमूत्राचे नियमित विसर्जन, श्रम आणि विश्रांती यांचा मेळ, एकांत आणि सहवास यांचा मेळ, धोक्यापासून बचाव, अशा गरजा त्यांनी सांगितल्या. एकांताला त्यांनी हवा-पाण्याच्या पंक्तीत बसवले याचे मला विद्यार्थिदशेतही फार अप्रूप वाटले होते, कारण माझ्या ओळखीतल्या एकाही बाईला एकांत ही आपली गरज आहे असे म्हणताना मी तोवर ऐकले नव्हते.

आता हे तू तुझ्या आजूबाजूला ताडून पाहा. एखाद्या समारंभाआधी घरातली बाई केस आणि चेहरा यांवर दोन तास घालवते तेव्हा तिला कोणी अडवत नाही, उलट तिचे कौतुक होते. तीच बाई सुट्टीच्या दुपारी काही कारण नसताना दार लोटून तासभर पडून राहिली, तर दोन जण तरी येऊन विचारतात की बरे नाही का. ती नीटनेटकी दिसली तर घराची आणि कचेरीची शोभा वाढते, म्हणून त्या वेळेत सगळ्यांचा वाटा असतो. तिच्या विश्रांतीचा लाभ मात्र तिच्या एकटीच्या पदरात पडतो, म्हणून त्या वेळेचा हिशेब मागितला जातो. अशा परिस्थितीत ज्या एका दारातून बाईला स्वतःकडे जाण्याची मुभा आहे ते आरशाचे दार असेल, तर ती त्याच दाराने जाणार. थकलेल्या कितीतरी स्त्रियांना खरे तर झोप हवी असते, आणि त्या चेहऱ्यावर लेप लावून वीस मिनिटे डोळे मिटतात, कारण लेप लावलेल्या बाईला कोणी हाक मारत नाही. त्यांना मी बेडीत अडकलेल्या म्हणणार नाही, पण त्यांना हवे ते मिळाले असेही म्हणता येणार नाही.

त्वचेविषयी चार गोष्टी सांगते, कारण त्वचारोग विभागात मी सर्वांत जास्त काळ काम केले आहे. त्वचेचा बाहेरचा थर स्वतःला सतत नवा करत असतो. तरुणपणी या फेऱ्याला सुमारे २८ दिवस लागतात आणि वय वाढेल तसा तो मंदावतो. म्हणून एखादे सिरम आठ दिवस लावून गुण आला नाही म्हणून दुसरे आणणे व्यर्थ आहे. तेवढ्या दिवसांत त्वचेचा एक फेराही पुरा झालेला नसतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि तिच्या वरच्या पेशींच्या मधल्या फटी शरीराने स्वतः बनवलेल्या स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. हीच तिची तटबंदी. साधा साबण अल्कधर्मी असतो. त्याने दिवसातून चार-पाचदा चेहरा धुतला, वर खरखरीत स्क्रबने घासला आणि त्यावर तीव्र आम्ले लावली, की ती तटबंदी ढासळते. मग चेहरा ओढल्यासारखा होतो, आग होते, पुरळ येते, आणि त्या पुरळासाठी आणखी एक बाटली घरात येते. आमच्या विभागात येणाऱ्या कित्येक तरुणींवरचा पहिला उपचार म्हणजे त्या जे लावत होत्या ते बहुतेक सगळे थांबवणे हाच असे.

रोजच्यासाठी सौम्य फेसवॉश, कोरडेपणा असेल तर मॉइश्चरायझर, आणि दिवसा सनस्क्रीन, एवढे पुरे. सनस्क्रीनच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. एसपीएफ (म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा अंक) ३० चे सनस्क्रीन त्वचा भाजणाऱ्या अतिनील-ब (यूव्हीबी) किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, पण ते प्रयोगशाळेत लावतात तितक्या जाड थरात लावले तरच, आणि बहुतेक जणी त्याच्या निम्मेही लावत नाहीत. उन्हात असशील तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. सुरकुत्या आणि डाग यांना मोठा हातभार लावणारे अतिनील-अ (यूव्हीए) किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, म्हणून बाटलीवर दोन्ही प्रकारच्या किरणांपासून संरक्षण असा उल्लेख आहे ना, ते पाहून घे.

गोरेपणाच्या क्रीमविषयी लिहिताना माझा हात आवरत नाही. सावळ्या आणि गोऱ्या त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणते मेलॅनिन, म्हणजे हे रंगद्रव्य, बनवतात आणि ते कसे पसरते यात, आणि ते मेलॅनिन उन्हापासून पेशींच्या गाभ्याचे रक्षण करत असते. म्हणजे ज्याला डाग समजून पुसायला निघायचे, ती मुळात शरीराने आपल्यासाठी धरलेली छत्री आहे. ती पुसण्यासाठी मुली कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइडचे मलम महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लालसर रेषा उमटतात, मुरुमे आणि नको तिथे लव येते, आणि मलम थांबवले की चेहरा असा भडकतो की ती मुलगी घाबरून पुन्हा तेच लावते. या चक्रातून बाहेर यायला महिने लागतात, आणि त्या काळात तिला कोणासमोर जावेसे वाटत नाही. काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो. पाऱ्यावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि २०१७ पासून अमलात आला, त्यात सौंदर्यप्रसाधनांतील पाऱ्यालाही आळा घातलेला आहे. उजळ दिसण्याच्या हव्यासाची दखल जगभरच्या सरकारांना अशा करारात घ्यावी लागली, यावरून हे दुखणे किती खोल आहे ते तुझ्या ध्यानात येईल. हा हव्यास मुलींच्या मनात आपसूक उगवत नाही. त्यांचा रंग पाहून उसासा टाकणारी माणसे तो तिथे पेरतात.

गरज बाहेरून कशी निर्माण केली जाते, याचे एक उदाहरण तुला सांगून ठेवते. जिलेट कंपनीने खास स्त्रियांसाठीचा पहिला रेझर १९१५ मध्ये बाजारात आणला, आणि बाहीविरहित पोशाखांच्या त्या काळात काखेतले केस ही लाजिरवाणी गोष्ट आहे असे स्त्रियांना जाहिरातींतून शिकवले गेले. त्याआधी बहुसंख्य अमेरिकी स्त्रियांना त्यात लाजण्यासारखे काही वाटत नव्हते. तू केस काढावेस की ठेवावेस याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. फक्त एखादी गोष्ट केल्यावाचून आपण अपुऱ्या आहोत असे वाटू लागले, तर ते वाटणे कोणी विकले आहे का, हे एकदा तपासत जा. हल्ली तर तीच भीती स्वतःची काळजी या सोज्वळ नावाखाली विकली जाते, आणि त्यामुळे ती ओळखणे अधिक कठीण झाले आहे.

इतके लिहिल्यावर मी नटण्याच्या विरोधात आहे असे मात्र समजू नकोस. कर्करोगाच्या औषधांनी भुवया गळालेली एक बाई रोज सकाळी हातात लहानसा आरसा धरून, थरथरत्या बोटांनी पेन्सिलीने भुवया रेखत असे, आणि त्या रेखून झाल्याखेरीज ती भेटायला आलेल्या कोणालाही आत घेऊ देत नसे. तिला त्या पेन्सिलीने जे मिळत होते ते आमच्या कोणत्याही औषधात नव्हते. आजारामुळे स्वतःच्या शरीरावरचा ताबा सुटत चाललेला असताना चेहऱ्यावरची दोन बोटे जागा तिच्या मर्जीने चालत होती. मन खोल निराशेत बुडते तेव्हा सर्वांत आधी अंघोळ, केस विंचरणे, कपडे बदलणे सुटते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे, आणि एखादी रुग्ण आपणहून कंगवा मागते तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकत असू. आवडता रंग लावण्यातला, केस धुऊन ते उन्हात मोकळे सोडण्यातला आनंद खरा आहे, आणि त्याला कोणत्याही समर्थनाची गरज नाही. तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीला हे अवश्य सांग.

त्याहून एक मोठी गोष्ट अशी, की या नेमाच्या निमित्ताने बाई स्वतःच्या शरीराकडे रोज पाहते. ते पाहणे फक्त उणिवा शोधण्यासाठी असेल तर त्यातून दुःखच निघते, पण ओळख ठेवण्यासाठी असेल तर त्यासारखी दुसरी निगा नाही. एखादा तीळ आकार किंवा रंग बदलतो आहे का, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या आहेत का, स्तनात पूर्वी नसलेली गाठ हाताला लागते का, हे तुझ्याइतके लवकर कोणत्याही डॉक्टरला कळणार नाही. स्वतःच्या शरीराची नेहमीची अवस्था जिला पाठ असते, तिलाच बदल कळतो.

आता तुझ्या केसांकडे वळते. केस फार गळतात म्हणून तू तीन प्रकारची तेले आणि एक सिरम घेतल्याचे तू शेवटी दोन ओळींत लिहिले आहेस, आणि माझा जीव त्या दोन ओळींत अडकला आहे. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. त्याहून पुष्कळ गळत असतील तर मागच्या दोन-तीन महिन्यांत काय झाले ते आठव, कारण मोठा ताप, बाळंतपण, उपाशी राहून वजन घटवणे किंवा मनावरचा जबर ताण यांचा परिणाम केसांवर साधारण तेवढ्याच काळाने दिसतो. तुला त्या सुमारास ताप येऊन गेला होता. अशा वेळी गळालेले बहुतेक केस आपोआप परत येतात आणि श्रेय शेवटच्या बाटलीला मिळते. परंतु लोहाची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड हीदेखील नेहमीची कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांच्यातल्या कितीतरी जणी निस्तेज चेहरा आणि थकवा झाकण्यासाठी रोज काहीतरी लावत असतील, आणि रक्त तपासून घेण्याचे कोणी त्यांना सुचवलेही नसेल. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील आणि जबड्याच्या कडेने मुरुमे उठत असतील, तर ते पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडाच्या दुखण्याचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवे. शरीर जे सांगू पाहते त्यावर आपण रंग चढवत राहिलो, तर ते सांगणे ऐकायचे कोणी?

आणि झोप. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. तू रात्री साडेअकराला घरी पोहोचतेस, मग पाऊण तास चेहऱ्याचा नेम करतेस आणि सकाळी सहाला उठतेस. त्या पाऊण तासातला निम्मा वेळही त्वचेला लागत नसताना तो झोपेतून कापला जात आहे. चेहरा धू, गरज वाटली तर मॉइश्चरायझर लाव आणि दिवा मालव. ज्यांच्यासोबत राहतेस त्यांच्याशी कामाच्या वाटणीबद्दलही या आठवड्यातच बोल. स्वयंपाक आणि भांडी रोज तूच करतेस हे मला तुझ्या पत्रावरून कळले, तू ते तक्रार म्हणून लिहिले नसलेस तरी. स्वतःसाठी वेळ काढ असे सगळे जण बाईला सांगतात, पण तो वेळ तिच्या अंगावरचे एखादे काम दुसऱ्याने उचलल्याखेरीज कुठूनही निघत नाही. ते काम कोणते आणि कोणी उचलायचे, हे नाव घेऊन सांगायला शीक. सांगताना आवाज कापला तरी चालेल.

येत्या शनिवारी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड यांच्या तपासण्या करून घे. पाळीच्या मागच्या सहा महिन्यांच्या तारखा कागदावर लिहून ठेव, डॉक्टर त्या विचारतील. तोवर नवी बाटली आणू नकोस, आणि मनाने लोहाच्या गोळ्याही सुरू करू नकोस. अहवाल हाती आले की त्यांचे फोटो मला पाठव, मी ते पाहून तुला रात्री फोन करीन.

तुझी,
आई