प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात बायका कुठे गेल्या?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासावर पानभर लेख आला होता, आवडला. सुश्रुत आले, टिपूच्या कैदेत नाक गमावलेला कावसजी आला, कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून देणारा पुण्याचा कुंभार आला (१७९४ साली लंडनच्या मासिकात हे छापून आलं होतं, वाचून खरंच ऊर भरून आला), मग पहिल्या महायुद्धात जखमी जवानांचे चेहरे दुरुस्त करणारे ब्रिटिश सर्जन गिलीज साहेब. पण अख्ख्या पानात एकही बाई नाही. मी ३२ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी जळिताच्या वॉर्डात, म्हणून राहवलं नाही.

फ्रान्समध्ये सुझान नोएल नावाच्या डॉक्टर होऊन गेल्या, जन्म १८७८. लग्न झाल्यावर, पंचविशी ओलांडल्यावर त्यांनी मेडिकलचं शिक्षण सुरू केलं. पहिल्या महायुद्धात तोंडाचा चेंदामेंदा झालेले जवान पॅरिसला यायचे, जबडा नाही, नाक नाही, आणि मोरेस्तँ नावाच्या सर्जनच्या हाताखाली नोएलबाईंनी असे चेहरे दुरुस्त केले. पुढे त्या फेसलिफ्ट, म्हणजे सैल पडलेली चेहऱ्याची कातडी ताणून घेण्याचं ऑपरेशन, करायला लागल्या, कानापुढची आणि केसांच्या कडेची कातडीची बारीक पट्टी काढायची, टाके घालायचे, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, आणि पेशंट त्याच दिवशी घरी. टाके केसांत लपायचे.

आता कुणी म्हणेल हे श्रीमंत बायकांचे चोचले. पण १९२६ साली त्यांनी या सर्जरीवर पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच 'सामाजिक भूमिका' असे शब्द आहेत. त्यांचं म्हणणं असं की बाई नोकरी करून पोट भरते आणि चेहरा थकलेला दिसतो म्हणून तिला कामावरून काढतात, तर हा पोटापाण्याचा प्रश्न आहे, नट्टापट्ट्याचा नाही. स्वतःच्या घरात त्यांनी काय काय सोसलं, पहिला नवरा गेला, मुलगी गेली, दुसऱ्या नवऱ्यानं १९२४ साली जीव दिला, आणि त्याच वर्षी या बाई पॅरिसमध्ये नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बायकांचा सोरॉप्टिमिस्ट क्लब काढतात! मतदानाच्या हक्कासाठी भांडत होत्या ते वेगळंच, फ्रान्समध्ये बायकांना मत द्यायला १९४५ उजाडलं.

हे वाचताना मला आमच्या वॉर्डातली एक पेशंट आठवते. भाजल्यावर हनुवटी छातीला चिकटून गेलेली, बसची पाटी वाचायची तर कमरेतून मागे वाकायची. आमच्या सर्जन सरांनी मान मोकळी केली, मांडीची कातडी काढून ग्राफ्ट लावला, नंतर कित्येक महिने मानेला कॉलर. घरचे म्हणायचे आता लग्न झालंय, पोरं झालीत, कशाला हवंय हे ऑपरेशन, दिसायचंय कुणाला. आणि ती ड्रेसिंग बदलताना मला हळूच विचारायची, सिस्टर, मला परत पोळ्या लाटायच्या कामावर घेतील ना? आरसा तिनं एकदाही मागितला नाही.

आपल्याकडचंही एक नाव सांगते, वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस. १९५४ साली गाडीला अपघात झाला, कमरेखालचं सगळं लुळं पडलं, डॉक्टर होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तिथले डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगानं वाकड्या झालेल्या हातांवर ऑपरेशन करायचे, ते म्हणाले हाताची सर्जरी बसून करता येते. आणि बाईंनी व्हीलचेअरवर बसून ती केली! कुष्ठरोगात नस मरते, बोटं आत वळतात, घास धरता येत नाही, अशा वेळी चालू असलेल्या स्नायूची दोरी वळवून बोटांना जोडायची, मग व्यायाम करून ती बोटं नव्यानं शिकवायची, फार चिकाटीचं काम आहे हो. पुढे १९६६ मध्ये त्यांच्या पुढाकारानं वेल्लोरला पुनर्वसन केंद्र उभं राहिलं, १९७२ ला पद्मश्री मिळाली.

लेखकांवर राग नाही, लेख चांगलाच होता. पण पुढच्या एखाद्या रविवारी या दोघींना निदान अर्धं पान द्या, आणि शक्य झालं तर फोटो ऑपरेशन करतानाचा छापा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नाशिक