मेणबत्त्या कधी छाटायच्या हे सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

टोकियोतल्या आमच्या बाल्कन्यांमधले काळ्या पाइनचे, म्हणजे कुरोमात्सुचे, बोन्साय यंदा आखूड पानांचे झालेत. फोनवर आभार मानून झालेच आहेत, पण तुमचं सांगणं इतरांच्याही कामी यावं म्हणून हे उघड पत्र.

पहिले आभार मेकिरीसाठी, म्हणजे कोंबछाटणीसाठी. वसंतात मेणबत्तीसारखे उभे वाढणारे कोंब बुडाशी छाटले की दोन-तीन आठवड्यांत तिथेच नवे डोळे फुटतात. थंडीपर्यंत जेमतेम शंभर दिवस उरतात, म्हणून पानं आपोआप आखूड राहतात. टोकियोत हे काम जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. मेमध्येच कात्री चालवली तर पानं पुन्हा लांब, ऑगस्टपर्यंत थांबलं तर कोंब अर्धवट. दक्षिणेकडच्या ताकामात्सु शहरात ऊब जास्त, तिथे टोकियोजवळच्या ओमियाची तारीख जशीच्या तशी लावू नका, हेही तुम्हीच बजावलंत.

शिवाय छाटणी दोन टप्प्यांत. आधी खालच्या अशक्त फांद्या, आठ-दहा दिवसांनी जोमदार शेंडा. अशक्तांना तेवढी आघाडी मिळते. आम्ही नेमकं उलटं करायचो आणि खालच्या फांद्या का वाळतात म्हणून पाण्याला दोष द्यायचो!

अर्थात छाटणी धडधाकट झाडाचीच. वसंतात पेंडीचे गोळे भरपूर द्यायचे, छाटणीआधी उचलायचे, सप्टेंबरात परत ठेवायचे. त्याच वर्षी कुंडी बदलली असेल तर मेकिरी रद्द. आणि झुबक्यात पाच-पाच पानं असणाऱ्या गोयोमात्सु पाइनला मेकिरी कधीच नाही. तो वर्षातून एकदाच फुटतो. त्याचे लांबलेले कोंब पानं उघडण्याआधी बोटांनी खुडायचे, बस्स.

सगळ्यात मोठी मदत मात्र कुंडी बदलताना झाली. मुळांभोवती पांढरं, कापसासारखं जाळं दिसलं की रोगाची बुरशी समजून नळाखाली धुवायचा मोह होतो. तुम्ही वेळेवर हात धरलात. ती बुरशी मुळांची सोबतीण, तिच्या जिवावर पाइन पाणी आणि क्षार ओढतो. म्हणून मार्चमध्ये निम्म्याच बाजूची जुनी माती काढायची, उरलेली पुढच्या खेपेला. नव्या मातीत सात भाग आकादामा, म्हणजे दाणेदार जपानी माती, आणि तीन भाग नदीची जाड वाळू. दोन्ही चाळून, खालची भुकटी सरळ फेकून द्यायची. ती राहिली की तळाशी चिखल होतो, पावसाळी जूनमध्ये मुळं कुजतात, आणि पानं पिवळी दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आता दिवाळीच्या सुमारास जुनी पानं उपटायची आहेत: शेंड्याला दर कोंबावर पाच-सहा जोड्या ठेवायच्या, खाली दहा-बारा. चिमटा आणून ठेवलाय.

आपली,
टोकियोतली पाइनवाली मंडळी