‘कोल्ड स्टार्ट : ओके’ लिहिलेल्या तपासणी अहवालाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
आणि तपासणी विभागाचे प्रमुख

विषय : तुमच्या नागपूरच्या यार्डातून ‘पूर्ण तपासलेली’ म्हणून विकलेल्या डिझेल गाडीचा खोटा अहवाल, दुरुस्तीचा खर्च व लेखी उत्तर मिळण्याबाबत.

काल दुपारी तुमच्या कॉल सेंटरशी पाचव्यांदा बोलणे झाले आणि त्यातूनही काही निघाले नाही, म्हणून हे पत्र. गाडीचा नंबर, तक्रार क्रमांक, खरेदीची पावती तुमच्याकडे आहे. पाच वेळा सांगून झाले, पुन्हा सांगत नाही. थेट अहवालावर येतो.

अहवालाच्या दुसऱ्या पानावर ‘कोल्ड स्टार्ट : ओके’, म्हणजे थंड इंजिन नीट सुरू होते, असे लिहून हिरवी खूण केली आहे. त्याच ओळीशेजारी तुमच्याच माणसाने डॅशबोर्डचा फोटो जोडला आहे. तो फोटो मोठा करून पाहा. तापमानाचा काटा ‘सी’च्या (कोल्ड, म्हणजे थंडच्या) खुणेवर नाही, पाव भाग वर चढलेला आहे. फेब्रुवारीच्या सकाळी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा काटा तळाला चिकटलेला असतो. म्हणजे तपासणीच्या आधी कोणीतरी गाडी चालू करून गरम केली होती आणि तुमच्या तपासनिसाने गरम इंजिनाची थंड चाचणी ‘पास’ केली. बोनेटवर हात ठेवायला दोन सेकंद लागतात. बोनेट कोमट लागले की किल्ली परत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे, एवढाच नियम आहे.

डिझेल गाडीत ही चाचणी सगळ्यात आधी का करतात, हे तुमच्या तपासणी विभागाला ठाऊक असलेच पाहिजे. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी आतून तापवणारे प्लग) कमजोर असले, कॉम्प्रेशन उतरलेले असले, इंजेक्टर गळत असले, तर ते थंड इंजिनातच उघडे पडते. सेल्फ लांब मारावा लागतो, इंजिन काही क्षण थरथरते, सायलेन्सरमधून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर निघतो. तेच इंजिन एकदा गरम केले की अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. ही गाडी घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तीन वेळा सेल्फ मारावा लागला आणि अंगणभर पांढरा धूर झाला. चारपैकी दोन हीटर प्लग मेलेले निघाले. हा दोष लहान आहे, पण अहवालातली ती ओळ खोटी ठरवायला पुरेसा आहे.

खरे नुकसान पुढचे आहे. त्याच पानावर खाली टेस्ट ड्राइव्हनंतरचा डॅशबोर्डचा दुसरा फोटो आहे. दोन फोटोंतल्या किलोमीटरमध्ये ९ चा फरक आहे. आधीच गरम केलेली गाडी, वर ९ किलोमीटर चालवली, तरी काटा पावावरच. हे चांगले लक्षण आहे असे तुमच्या माणसाला वाटले असावे, कारण त्याने ‘इंजिन तापमान : उत्तम’ असे लिहिले आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व. तो धड असलेले इंजिन साधारण ८० ते ९० अंशांवर येते आणि तिथेच टिकते. बहुतेक गाड्यांत तेव्हा काटा मधल्या खुणेजवळ असतो. काटा वर चढतच नाही, याचा पहिला संशय थर्मोस्टॅटवरच यायला हवा. एक तर तो उघडा अडकला आहे, नाही तर कोणी काढूनच टाकला आहे.

यवतमाळच्या मिस्त्रीने थर्मोस्टॅटचे घर (हाउसिंग) खोलले आणि आत बोट फिरवून म्हणाला, “भाऊ, याच्यात वॉल्वच नाही. काढून टाकेल हाये.”

तो का काढतात, तेही लिहितो, कारण तुमच्या कॉल सेंटरच्या मते थर्मोस्टॅटचा गाडी तापण्याशी संबंध नाही. वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओतले की त्यातला क्षार गरम पृष्ठभागावर बसतो. हंडा उकळून उकळून आतून पांढरा होतो तसेच हे. हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या झाकणातल्या) पाण्याच्या वाटा आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद होतात आणि गाडी तापू लागते. मग रेडिएटर बदलण्याचा खर्च वाचवायला थर्मोस्टॅट काढला जातो. पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, थंडीच्या दिवसांत सपाट रस्त्यावर काटा खाली राहतो आणि विकणाऱ्याचे काम होते. एप्रिलमध्ये यवतमाळ-अकोल्याकडे पारा ४२-४३ वर गेला, गाडीत पाच माणसे बसली, एसी लावला आणि चढ लागला की बुजलेल्या नळ्यांना तेवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले. काटा ‘एच’ला भिडला, हेड वाकले, त्याच्याखालचे सांधा बंद ठेवणारे गॅस्केट फुटले.

हे पकडायला कोणतेही मशीन लागत नाही. थंड इंजिन सुरू करायचे आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवायचा. थर्मोस्टॅट असेल तर होज काही मिनिटे थंडच राहतो आणि वॉल्व उघडला की झपाट्याने गरम होतो. थर्मोस्टॅट नसेल तर होज सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो. मात्र त्यासाठी इंजिन थंड असावे लागते, आणि तुमच्या माणसाने गरम इंजिन तपासले. माझी तक्रार फिरून फिरून याच ठिकाणी येते, कारण बाकी सगळे इथूनच सुरू झाले.

‘कूलंट : ओके’ या ओळीचेही तसेच. तुमच्या फोटोत बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत हिरवे कूलंट दिसते. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडले असते, तर आत गंजाचे तपकिरी पाणी दिसले असते. वरवर रंग दिसावा म्हणून टाकीत अर्धा लिटर कूलंट ओतणे ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. झाकणाच्या रबराला आणि रेडिएटरच्या तोंडाला क्षाराचा खडबडीत थर होता, नखाने खरवडला की निघत होता.

आता कालच्या फोनबद्दल. व्यवस्थापनाने ते रेकॉर्डिंग स्वतः ऐकावे. तुमचा माणूस आधी म्हणाला, “सर, थर्मोस्टॅट आमच्या यादीत नाही.” मी म्हणालो, “‘इंजिन तापमान : उत्तम’ हे तुमच्याच यादीत आहे.” त्यावर त्याने फोन २२ मिनिटे होल्डवर ठेवला. परत आला तेव्हा ‘सर’चे ‘काका’ झाले होते. “काका, तुम्ही गावात राहता. बोअरचं पाणी तुम्हीच टाकलं असेल.” मी सांगितले की गाडी घेऊन जेमतेम दोन महिने झाले आहेत, नळ्या बुजवणारा थर दोन महिन्यांत बसत नाही, आणि फोटो पाठवले आहेत. तो म्हणाला, “फोटो आमच्या सिस्टममध्ये उघडत नाहीत.” मग म्हणाला, “तिकडचे रस्ते कसे असतात आम्हाला माहीत आहे, गाडी तिकडं नेल्यावर असंच होणार.” रस्त्याने शॉकअप जातात, लोअर आर्मचे बुश जातात, टायर एका कडेने झिजतात. रस्त्याने थर्मोस्टॅट गायब होत नाही. हे मी त्याला याच शब्दांत सांगितले. त्यावर त्याने विचारले, “तुम्ही मेकॅनिक आहात का? नाही ना? मग आमच्या एक्स्पर्टवर विश्वास ठेवा.” शेवटी, हेड गॅस्केट हा झिजणारा भाग आहे म्हणून सहा महिन्यांच्या इंजिन वॉरंटीत बसत नाही, असे सांगून त्याने फोन ठेवला.

हेड गॅस्केट क्लच प्लेटसारखे किंवा ब्रेक पॅडसारखे रोज झिजत नाही. इंजिन तापले की जाते, आणि इंजिन तापणार हे तुमच्या अहवालातल्याच फोटोत दिसत होते. विदर्भातल्या खेड्यात गाडी विकताना आम्ही तुम्हाला ग्राहक म्हणून चाललो आणि तक्रार केली की गावाचा दोष? त्या मुलाने उच्चारलेल्या ‘गाव’ या शब्दाची मला जितकी चीड आली, तितकी खर्चाचीही आली नाही.

दुसरी बाब पाण्याची. अहवालात ‘पूरग्रस्त नाही’ असे छापले आहे. गाडी नागपूर शहराची, एमएच-३१ ची. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले आणि कितीतरी गाड्या बुडाल्या, हे नागपुरात यार्ड असलेल्या कंपनीला सांगावे लागू नये. तुमच्या माणसाने सीट बेल्टचे बकल लागते का एवढेच पाहिले. बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढायचा असतो. बाहेरचा भाग कोणीही धुतो, गुंडाळीत राहिलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच राहते. या गाडीत मागच्या दोन्ही बेल्टवर ती आहे. स्टेपनीच्या खड्ड्यात गंज आहे, चालकाच्या पायाखालचा कार्पेट उचलला की खालच्या फोममध्ये वाळलेला गाळ आहे, सीटखालच्या एका कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या आहेत. ही पांदणीची काळी माती आहे असे कोणी म्हणू नये. काळी माती चाकाच्या कमानीत आणि चेसिसच्या खाचांत भरते, सीट बेल्टच्या गुंडाळीत आपोआप शिरत नाही.

जुनी पॉलिसीही तुमच्या फाइलमध्ये होती. तिच्यात नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य आहे. आधीच्या वर्षी तो ३५ टक्के होता, मालक तोच होता आणि पॉलिसीत खंड नव्हता. क्लेम घेतल्याशिवाय ३५ चा शून्य होत नाही. तरी अहवाल म्हणतो ‘विमा दावा : आढळला नाही’. कागद हातात असून जो वाचला नाही, त्यावर अहवाल कसा काय लिहिता?

टायरच्या तारखा बरोबर आहेत, चेसिस नंबरचा ट्रेस जुळला, आरसी नावावर वेळेत झाली, विमाही नावावर झाला. त्याबद्दल तक्रार नाही. कागदपत्रे पाहणारी तुमची माणसे काम करतात, हे मान्य आहे. म्हणूनच गाडी पाहणाऱ्यांचा जास्त राग येतो.

हेड फेसिंग, गॅस्केट, नवीन थर्मोस्टॅट, रेडिएटर, कूलंट, हीटर प्लग आणि मजुरी मिळून ३१,४०० रुपये झाले. बिले जोडली आहेत. पुराच्या पाण्याने वायरिंगचे पुढे काय होईल ते आज कोणीच सांगू शकत नाही. कनेक्टरमधला गंज महिनोन्महिने आत सरकत राहतो आणि एक दिवस एअरबॅगचा दिवा लागतो किंवा पॉवर विंडो बंद पडते. म्हणून माझी पहिली मागणी गाडी परत घेऊन ४,८५,००० रुपये आणि दुरुस्तीचा खर्च देण्याची आहे. ते होणार नसेल, तर दुरुस्तीचा पूर्ण खर्च आणि वायरिंगसह इलेक्ट्रिकलची दोन वर्षांची लेखी हमी द्यावी. दोन्हींपैकी काहीही करा, पण ‘कोल्ड स्टार्ट : ओके’ ही ओळ कोणी आणि किती वाजता लिहिली, याचे लेखी उत्तर मला हवेच.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. आजूबाजूच्या गावांत जुनी गाडी घेणारे बरेच आहेत. कापूस विकला गेला की दरवर्षी दोन-चार जण तरी तुमच्याच यार्डाचा पत्ता विचारतात. त्यांना मी आता अहवालाची प्रत आणि ते दोन फोटो दाखवतो.

फुटलेले गॅस्केट, जुने रेडिएटर आणि त्यातून निघालेला क्षार गोणीत बांधून ठेवला आहे. मागचे बेल्ट धुतलेले नाहीत. पाहायला माणूस पाठवणार असाल तर त्याला सकाळी ७ च्या आत पाठवा. तोपर्यंत गाडी कोणी सुरू करणार नाही, इंजिन थंड असेल.

तुमचा ग्राहक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सोबत : अहवालाची प्रत, डॅशबोर्डचे दोन फोटो, बेल्ट व स्टेपनीच्या खड्ड्याचे फोटो, दोन वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती, दुरुस्तीची बिले.