देशपांडे हॉलमधले देशपांडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात नातीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सिव्हिल लाइन्समधल्या देशपांडे हॉलला गेले होते. ऑटोतून उतरताना नातीने विचारले, "आजी, हे देशपांडे कोण होय? हॉल त्यांनी बांधला का?" तिचा प्रश्न साधाच होता, पण माझ्या जिवाला लागला. हे देशपांडे म्हणजे गायक-नट वसंतराव देशपांडे. त्यांच्यासाठी हे पत्र.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा बाबांनी मला 'कट्यार काळजात घुसली'च्या प्रयोगाला नेले होते. प्रयोग धनवटे रंगमंदिरात होता. ते जुने नाट्यगृह आता राहिले नाही. नाटक मुंबईच्या नाट्यसंपदेचे, पण लिहिणारे आपल्या नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर. त्यामुळे महालातल्या आमच्या वाड्यात 'आपलं नाटक आलं' अशीच बोलाची भाषा होती. तिकिटे दोनच मिळाली. आई म्हणाली, पोरीला ने.

नाटकातले मला अर्धेच कळले. ती कट्यार ज्याच्या हाती त्याला एक खून माफ, एवढे मात्र पक्के कळले आणि तेवढ्याने मी घाबरून गेले. खाँसाहेब आफताब हुसेन, म्हणजे वसंतराव, रंगमंचावर आले की मी बाबांच्या शर्टाची बाही धरून बसायची. मग ते खाँसाहेब गायला लागले. माझी मूठ कधी सुटली, मला कळलेच नाही. तान अशी यायची की आता हा माणूस पडणार असे वाटावे, आणि तो नेमका समेवर उभा! लोक अक्षरशः ओरडत होते. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. ज्याची भीती वाटते त्याचेच गाणे इतके आवडावे, हे माझ्या तेव्हाच्या अकलेबाहेरचे होते.

प्रयोग सुटला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. सायकलच्या दांड्यावर टॉवेलची घडी, त्यावर मी. गांधीसागरच्या कडेने येताना रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. बाबा 'घेई छंद मकरंद' गुणगुणू लागले. आधी नाटकातल्या पंडितजींची संथ चाल, आणि पायडलही तितकेच सावकाश. मग एकदम खाँसाहेबांची चाल धरली आणि सायकल अशी हाणली की मी हँडल घट्ट पकडले. "ऐकून राहिलीस ना? शब्द तेच, गाणं दोन!" धापा टाकत ते म्हणाले. पुढे मी गाणे शिकले नाही, पण घराणे म्हणजे काय याचा माझा पहिला आणि शेवटचा धडा तोच. आजही ते पद लागले की दांड्याखालून चेनची खरखर ऐकू येते.

बाबा अकाउंट्समध्ये कारकून होते. वसंतरावांनीही पुण्यात मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत बरीच वर्षे नोकरी केली, याचा त्यांना फार अभिमान. "दिवसभर आकडे आणि रात्री मारवा," असे ते सांगायचे. तो मारवा राग वसंतराव थेट लाहोरला जाऊन असद अली खाँकडून शिकले होते. पण जन्म मूर्तिजापूरचा, १९२० चा. बालपण नागपुरात, आणि गाण्याचे पहिले धडे इथेच, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. कवी अनिल हेही मूर्तिजापूरचेच. अनिलांचे 'कुणी जाल का' वसंतरावांनी गायले, त्यात मला नेहमी आपल्या वऱ्हाडची माती लागते. हा माझा पक्षपात असेल, पण तो मी सोडणार नाही.

३० जुलै १९८३ ला वसंतराव गेले. दुसऱ्या दिवशी रविवार. बाबांनी पेपरातला फोटो ब्लेडने नीट कापून ऑफिसच्या डायरीत ठेवला. दिवसभर घरात रेडिओ लावू दिला नाही.

त्यांचे नाव सभागृहाला दिले, हे नागपूरने योग्यच केले. पण त्या सभागृहात संमेलने होतात, सत्कार होतात, भाषणे होतात, आणि कित्येकदा तिथे येणाऱ्या पोरांच्या कानावर या माणसाचा एक सूरही पडत नाही. माझी एवढीच विनंती आहे. कार्यक्रम कोणताही असो, सुरू होण्याआधी लोक खुर्च्या शोधत असतात, तेव्हा पाच मिनिटे वसंतरावांचे गाणे लावावे. ध्वनिमुद्रणे आहेत, ध्वनिक्षेपक आहेत. खर्च असा काहीच नाही. संबंधितांपर्यंत हे आपल्या पत्रातून पोहोचावे.

त्या दिवशी घरी आल्यावर नातीला मोबाइलवर 'घेई छंद' ऐकवले, दोन्ही चालींत. दुसरी चाल संपल्यावर ती म्हणाली, "आजी, फास्टवालं परत लाव."

आपली एक जुनी वाचक,
महाल, नागपूर